रायपूरहून कोठे जावे?

सुट्टीत कोठे जावे, हा प्रश्न आपण समजतो तितका खाजगी नाही. घरातील वडीलधारी मंडळी, मुलांच्या परीक्षा, मंजूर झालेली रजा आणि गाठीची शिल्लक या चौघांच्या संमतीने तो सुटतो, हे खरे. परंतु त्या चर्चेत जी आठदहा नावे पुनःपुन्हा निघतात ती आपल्या जिभेवर कोणी आणून ठेवली, याचा विचार सहसा होत नाही. रायपूरच्या मराठी घरांत ही नावे बहुतेक ठरलेली आहेत. वडील पिढीला जगन्नाथपुरी, पचमढी आणि नागपूर-पुण्याकडील आप्तांची गावे. त्यानंतरच्या पिढीला महाबळेश्वर, गोवा, काश्मीर, केरळ. याच शहरापासून सुमारे ऐंशी किलोमीटरांवर महानदीच्या काठी सिरपूर आहे. त्याचेही नाव कधी कधी निघते आणि "तेथे काय, केव्हाही जाता येईल" या एका वाक्याने बाजूस पडते. जे केव्हाही पाहता येते ते पाहण्याचा दिवस मात्र उजाडत नाही.

स्थळे निवडण्याची कला आपल्या देशात जुनी आहे. कालिदासाच्या मेघदूताचा पूर्वार्ध हा एका दृष्टीने प्रवासमार्गाचा आराखडाच होय. रामगिरीहून निघालेल्या मेघाने कोणत्या डोंगरावर विसावा घ्यावा, कोणत्या नदीचे पाणी प्यावे, कोणत्या नगरीत रात्र काढावी, हे सर्व यक्षाने ठरवून दिले आहे. डोंगर, नद्या आणि नगरे यांचे प्रमाणही त्याने मोठ्या विचाराने राखले आहे. विशेष म्हणजे उज्जयिनी सरळ वाटेवर पडत नाही, तेथे जाण्यासाठी मेघाला वळसा घ्यावा लागतो, याची यक्षाला पूर्ण जाणीव आहे. तरीही ती नगरी त्याने पाहावीच असा त्याचा आग्रह आहे. हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी प्रतिपादिले. दुसऱ्या पक्षाचे अभ्यासक सरगुज्यातील रामगढच्या डोंगराकडे बोट दाखवितात. तेथील सीताबेंगरा आणि जोगीमारा या गुहांतील प्राचीन लेख प्रसिद्ध आहेत. आम्ही रायपूरकर दोहोंच्या मध्ये राहतो, तेव्हा या वादात तटस्थ राहणेच शहाणपणाचे. मात्र मेघाच्या वाटेवरील आम्रकूट म्हणजे अमरकंटक हे मत ग्राह्य धरले, तर छत्तीसगडच्या सीमेवरचे ते अरण्य दीड हजार वर्षांपूर्वीच एका महाकवीच्या पसंतीस उतरले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

पण मेघाला रस्ता लागत नाही, माणसाला लागतो. रस्ता कोणी आणि कशासाठी पाडला, यावर त्याने काय पाहिले हे पुष्कळ अंशी अवलंबून असते. 1741 साली नागपूरकर भोसल्यांचा सेनापती भास्करराम याने रतनपूरवर चाल केली आणि कलचुरींचे जुने राज्य भोसल्यांच्या वर्चस्वाखाली आले. पुढे 1751 मध्ये अलीवर्दीखानाकडून ओरिसा त्यांच्या ताब्यात गेला. तेव्हापासून नागपूर आणि कटक ही एकाच राज्याची दोन टोके झाली आणि मधले रायपूर व संबळपूर ही मुक्कामाची ठाणी बनली. फौज ज्या वाटेने जाते त्याच वाटेने पुढे व्यापारी, कारकून आणि यात्रेकरू जातात. जगन्नाथाचे देवस्थान 1803 पर्यंत भोसल्यांच्या अमलात होते. कोणार्कचा अरुणस्तंभ पुरीच्या सिंहद्वारापुढे येऊन उभा राहिला तोही मराठ्यांच्याच काळात. पुरी हे नाव आमच्या घरांत इतके आपलेसे का, याचे उत्तर देवभक्तीत जितके आहे तितकेच या राजकीय भूगोलात आहे. काशी-रामेश्वर दूर होते. जगन्नाथाच्या वाटेवर आपले अंमलदार होते.

याच काळात रघूजी भोसल्यांचे चिरंजीव बिंबाजी 1758 च्या सुमारास रतनपुरास येऊन राहिले आणि 1787 मध्ये मरेपर्यंत तेथेच राहिले. त्यांनी रतनपूरच्या टेकडीवर श्रीरामाचे देऊळ बांधले. त्या टेकडीला आजही रामटेकरी म्हणतात. परमुलखी गेलेला मनुष्य आपल्या गावचा डोंगर बरोबर नेऊ शकत नाही, म्हणून तो समोरच्या टेकडीला त्याचे नाव देतो. हा भाव ज्याला कळला त्याने रतनपूर अवश्य पाहावे. बिंबाजींच्या पश्चात राज्यकर्ते नागपुरास राहून सुभेदारांमार्फत कारभार पाहू लागले, रतनपूरची कळा उतरत गेली, आणि 1818 मध्ये इंग्रज अधिकारी अॅग्न्यू याने कारभाराचे ठाणे रायपुरास आणल्यावर ते गाव राजधानीच्या मालिकेतून कायमचे गळले. छत्तीसगडात ज्या राजधान्या पाहण्यासारख्या आहेत त्या बहुतेक अशा सोडून दिलेल्या आहेत.

इंग्रज आले तेही प्रथम पाहावयास नव्हे, मोजावयास आले. 1795 साली कॅप्टन ब्लंट हा चुनारहून निघून रतनपूर-रायपूरमार्गे दक्षिणेस गेला. त्याच्या हाती नकाशाचा कागद होता आणि फौज नेण्याजोगा रस्ता हुडकणे हे त्याचे काम होते. बस्तरच्या सरहद्दीवर तेथील लोकांनी त्याला विरोध केला, तेव्हा तो बेत सोडून त्याला गोदावरीकडची वाट धरावी लागली. बस्तरची अरण्ये कितीतरी काळ नकाशावर कोरी राहिली त्याचे एक कारण हे आहे. प्रवाशाने स्थळ निवडले तरी स्थळाने प्रवाशास येऊ दिले पाहिजे.

निव्वळ सौंदर्याने भारावून जाणारा प्रवासी या मुलखात आल्याची जी पहिली प्रसिद्ध हकीकत सांगितली जाते, ती एका मुलाची आहे. 1877 साली कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त हे कामानिमित्त रायपुरात होते. त्यांचे कुटुंब आगगाडीने अलाहाबाद-जबलपूरवरून नागपूरपर्यंत आले; पुढे रुळ नव्हते. नागपुराहून रायपूरपर्यंत बैलगाडीने पंधरवड्याहून अधिक काळ लागला. वाट दाट अरण्यातली. एके ठिकाणी दोन्ही बाजूंचे कडे जवळ आले होते आणि एका कड्याच्या भेगेत वरपासून खालपर्यंत मधमाश्यांचे प्रचंड पोळे लोंबत होते. ते पाहता पाहता त्या चौदा वर्षांच्या मुलाचे भान हरपले. शुद्धीवर आला तेव्हा गाडी बरीच पुढे गेली होती. हा मुलगा म्हणजे नरेंद्रनाथ, पुढचे स्वामी विवेकानंद. रायपूरच्या विमानतळास आज त्यांचेच नाव आहे. विमानाने नागपूर-रायपूर अंतर तासाभरातही कापता येईल, परंतु त्या पोळ्याकडे पाहावयास कोणाला सवड मिळणार?

पुढे रूळ आले. 1887 मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि 1900 साली नागपूर-कलकत्ता हा मार्ग पुरा झाला. आगगाडीने प्रवास सोपा केला हे सर्वजण सांगतात. तिने निवड अरुंद केली हे कोणी सांगत नाही. स्टेशन असलेले गाव जवळचे झाले आणि स्टेशन नसलेले गाव, अंतर तेच असून, दूर गेले. पुरीस कंपनीने स्वतःचे हॉटेल उघडले. देवाच्या गावास समुद्रस्नानाचे गाव ही दुसरी ओळख मिळाली. रायपूरहून धमतरीस आणि राजीमला छोट्या रुळांची गाडी गेली, म्हणून राजीम गजबजलेले राहिले. सिरपूरच्या वाट्याला रूळ आले नाहीत.

त्याच सुमारास दुसरी एक निवड सरकारी दप्तरातून आमच्या घरांत शिरली. 1861 साली मध्यप्रांत बनला. त्याच दशकात कॅप्टन फॉर्सिथ याने पचमढीच्या पठारावर बंगला बांधला, आणि पुढे प्रांताचे सरकार उन्हाळ्यात तेथे मुक्काम हलवू लागले. साहेब गेले की कचेरी गेली, कचेरी गेली की कारकून गेले, आणि कारकुनांच्या पत्रांतून पचमढीची थंड हवा नागपूर-रायपूरच्या वाड्यांत येऊन पोचली. वऱ्हाडात चिखलदऱ्याची कथा अशीच आहे. 'हवा पालटण्यास जाणे' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत साहेबांच्या प्रकृतीमुळे रूढ झाला. उन्हाळ्यात डोंगरावर जावे ही चाल आज इतकी स्वाभाविक वाटते की, ती कोणाची तरी कार्यालयीन सोय होती हे आपण विसरून गेलो आहोत.

स्वराज्यात सरकारने नोकराच्या प्रवासाचा खर्च उचलण्याचे ठरविले. 1956 साली केंद्र सरकारने रजेतील प्रवासाची सवलत सुरू केली ती मूळ गावी जाण्यासाठी. चार वर्षांतून एकदा देशात कोठेही जाण्याची मुभा मागाहून मिळाली. या सवलतीने लक्षावधी सामान्य कुटुंबांना कन्याकुमारी आणि काश्मीर दाखविले, हे तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण तिचा एक परिणाम मी माझ्या सहकाऱ्यांत नित्य पाहतो. भाडे सरकार देणार असल्यामुळे जितके दूर जावे तितका लाभ अधिक, असा हिशेब सहजच होतो. रायपूरच्या नोकराने रायपूर जिल्ह्याबाहेर पन्नास मैलांवर जावे असे कोणतेही परिपत्रक सांगत नाही.

आता सिरपूरकडे वळतो. कारण हा सारा विस्तार मी त्याच्यासाठीच केला. प्राचीन श्रीपूर ही दक्षिण कोसलच्या पांडुवंशी राजांची राजधानी. 639 च्या सुमारास चिनी यात्रेकरू ह्यूएनत्संग कलिंगाहून कोसल देशात आला. तेथील राजा बुद्धाचा आदर करणारा असून विहारांची संख्या शंभरापर्यंत होती, असे त्याने लिहून ठेवले आहे. राजधानीचे नाव त्याने दिलेले नाही. ती सिरपूर होय असे पुष्कळ विद्वान मानतात, सगळे मानीत नाहीत. या राजवंशातील महाशिवगुप्त बालार्जुन याने निदान सत्तावन्न वर्षे राज्य केले. त्याची आई वासटा ही मगधाच्या सूर्यवर्म्याची कन्या. पती हर्षगुप्त याच्या निधनानंतर तिने विष्णूचे जे मंदिर बांधले, तेच आज लक्ष्मण मंदिर या नावाने ओळखले जाते. ते विटांचे आहे. तेराशेहून अधिक वर्षे पावसाळे झेलून विटेवर कोरलेली गवाक्षे अजून स्पष्ट दिसतात. दगडी दरवाजावर शेषशायी विष्णू आहे. ताजमहालाची उपमा अशा वेळी देण्याची पद्धत आहे. मला ती अप्रस्तुत वाटते. येथे पत्नीने पतीसाठी बांधले, आणि बांधताना आपल्या खर्चाची व्यवस्था लावून ठेवली.

ती व्यवस्था वाचण्यासारखी आहे. मंदिराचा शिलालेख रायबहादूर हिरालाल यांनी संपादून प्रसिद्ध केला. देवळाच्या नित्यकृत्यांसाठी आणि ब्राह्मणांसाठी गावे दिलेली आहेत, आणि ब्राह्मणांच्या वंशजांनी तो वाटा उपभोगावा यासाठी काही अटी घातल्या आहेत: त्यांनी अग्निहोत्र चालवावे, षडंगांसह वेद जाणावेत, जुगार आणि कुसंगती यांत गुंतू नये, आणि कोणाची चाकरी करू नये. ही शेवटची अट वाचून आम्हां सरकारी नोकरांनी मान खाली घालून पुढे जावे हेच बरे. परंतु चौदाशे वर्षांपूर्वीच्या एका राणीला संस्था चालविण्याची केवढी समज होती, हे त्या चार ओळींवरून कळते.

हे मंदिर कधी पूर्णपणे अज्ञात नव्हते. बेग्लर येऊन गेला, 1881-82 च्या दौऱ्यात कनिंगहॅम येऊन गेला. 1939 मध्ये तेथे बौद्ध धातुमूर्तींचा अप्रतिम साठा सापडला. त्यातील काही मूर्ती रायपूरच्या संग्रहालयात आहेत, आणि तारेची एक अतिसुंदर मूर्ती पाहावयाची झाली तर आज अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात जावे लागते. ज्या वस्तूंची वास्तपुस्त गावात कोणी करीत नाही त्या अशा दूरच्या प्रवासाला निघतात.

खरे उत्खनन मात्र 1953 ते 1956 या काळात झाले आणि ते एका मराठी पुरातत्त्वज्ञाने केले. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांचे नाव आज रायपूरच्या मराठी मंडळींत किती जणांना ठाऊक असेल याची मला शंका आहे. त्रिपुरी आणि कौंडिण्यपूर येथेही त्यांनी उत्खनन केले. सिरपूरला त्यांनी मातीच्या ढिगाऱ्यांतून दोन बौद्ध विहार मोकळे केले. त्यांपैकी एक आनंदप्रभ नावाच्या भिक्षूने बालार्जुनाच्या काळी बांधविला, हे तेथील लेखावरून सिद्ध झाले. अंगणाभोवती भिक्षूंच्या खोल्या, समोर गाभाऱ्यात भूमिस्पर्श मुद्रेतील बुद्ध. आणि सापडलेल्या वस्तूंत एक चिनी नाणे. हे नाणे कोणाच्या कनवटीला होते हे कळण्याचा मार्ग नाही. पण जगाच्या दुसऱ्या टोकाहून माणसे सिरपूर निवडून येत होती, एवढी साक्ष ते देते. पुढे या शतकाच्या आरंभी अरुणकुमार शर्मा यांनी पुन्हा खोदकाम हाती घेतले, आणि सुरंग टीला या नावाच्या टेकाडाखालून उंच जोत्यावरचे भव्य देवालय उघडे झाले.

गावात नदीकाठी गंधेश्वराचे देऊळ आहे. त्यात अखंड पूजा चालू आहे. मागाहून त्याचा जीर्णोद्धार करताना जुन्या देवळांचे खांब आणि शिल्पे वापरण्यात आली. पुरातत्त्वाच्या शिस्तीत हे बसत नाही. परंतु ज्या शिळांना गंधेश्वराच्या भिंतीत जागा मिळाली त्या टिकल्या; ज्यांना कोठेच जागा मिळाली नाही त्यांच्या विटा कोणाच्या चुलीखाली गेल्या ते कोण सांगणार? पाहावयास येणारा मनुष्य हाही इमारतीच्या जीर्णोद्धाराचाच एक भाग असतो. तो येतो म्हणून रखवालदार नेमला जातो, रस्ता होतो, गवत काढले जाते.

येथवर मी स्थळाचा विचार केला. पण काळाची निवड तितकीच महत्त्वाची आहे, आणि तीत आपण नोकरदार माणसे हमखास फसतो. शाळांची आणि न्यायालयांची मोठी सुट्टी उन्हाळ्यात येते. मे महिन्यात रायपूरचा पारा पंचेचाळीस अंशांकडे धावतो, महानदीचे पात्र वाळूचे होते, धबधब्यांची बारीक धार उरते. अशा वेळी छत्तीसगड पाहण्यासारखा नाही, असा निष्कर्ष काढून आपण गाडीत बसतो. छत्तीसगडी शेतकऱ्याची सुट्टी वेगळ्या पंचांगाने चालते. धान घरात आले, पौष पौर्णिमेला छेरछेरा झाला की त्याचे पाय मोकळे होतात. माघी पौर्णिमेस महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमावर राजीमची जत्रा भरते ती महाशिवरात्रीपर्यंत. या जत्रेचे अधिकृत नाव सरकारांबरोबर बदलत आले आहे. बैलगाडी सोडून बसने येणाऱ्या शेतकऱ्याला त्याचे सोयरसुतक नाही. त्याच्या तोंडी ती 'पुन्नी मेला'च आहे. राजीवलोचनाच्या मंदिरात 1145 सालचा जगपालाचा लेख आहे, नदीच्या पात्रात कुलेश्वर आहे. कुलेश्वर मध्ये धरून पटेवा, चंपारण, बम्हनी, फिंगेश्वर आणि कोपरा या पाच गावांतील शिवस्थानांची पायी पंचक्रोशी करण्याची चाल आहे. देऊळ, नदी, शेत, रान आणि वस्ती यांचे इतके योग्य प्रमाण कोणत्याही प्रवासी कंपनीला साधलेले मी पाहिले नाही. हवा उत्तम, दिवस लहान, खिशाला तोशीस नाही.

नैसर्गिक स्थळांपैकी बारनवापाराचे अभयारण्य सिरपूरपासून जवळ आहे. 1976 मध्ये ते घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे 245 चौरस किलोमीटर आहे. एका दिवसात वीट आणि वन दोन्ही पाहता येतात असा योग क्वचितच जुळतो. दूर जावयाचे असेल तर बस्तर. जगदलपूर रायपूरपासून सुमारे तीनशे किलोमीटर. तेथून चाळीस किलोमीटरांच्या आत इंद्रावतीचा चित्रकोट धबधबा. उंची सुमारे 29 मीटर, पण त्याचे वैभव रुंदीत आहे, आणि ते पावसाळा सरता सरता पाहावे. कांगेर खोऱ्याचे राष्ट्रीय उद्यान 1982 चे. युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत ते 2025 मध्ये दाखल झाले. त्यातील कुटुमसर गुहेत काळोखात राहून दृष्टी क्षीण झालेले मासे आहेत. पावसाळ्यात गुहा बंद असते. गेल्या काही दशकांत हिंसाचारामुळे बस्तरची वाट पुष्कळांनी टाकली. ती आता पुन्हा वाहती होऊ लागली आहे. येथे मला थोडी धास्ती वाटते. सिरपूरचा प्रश्न माणसे न येण्याचा आहे, कुटुमसरचा प्रश्न ती फार येण्याचा होईल. विटेच्या देवळाला पाहुण्यांची वर्दळ मानवते. गुहेतल्या आंधळ्या माशांना विजेरीचा प्रकाश आणि शेकडो माणसांचा श्वास मानवणार नाही. तेव्हा दोन्ही स्थळांना एकच जाहिरात लावणे, आणि येणाऱ्यांच्या आकड्यांवरून दोहोंचे यश मोजणे, हे मला प्रशासनाच्या दृष्टीनेही चुकीचे वाटते. कोठे जावे याबरोबर कोठे थोड्यांनीच आणि बेताने जावे, हेही कोणी तरी ठरविले पाहिजे.

श्रोत्यांपैकी कोणी येत्या माघात सिरपूरचा बेत करणार असतील, तर एवढेच सुचवितो. आदल्या दिवशी रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयात जावे. राजनांदगावच्या महंत घासीदासांनी 1875 मध्ये स्थापिलेल्या या संग्रहालयाची सध्याची इमारत 1953 साली डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते खुली झाली. तेथे सिरपूरच्या धातुमूर्ती आणि शिलालेख पाहून घ्यावेत, म्हणजे दुसऱ्या दिवशी मोकळी जागा पाहताना मनात ती भरता येते. वाटेत आरंगला भांड देऊळ नावाचे जैन मंदिर आहे, त्याला अर्धा तास द्यावा; तो परतताना दिला तरी चालेल. कारण लक्ष्मण मंदिर पूर्वाभिमुख आहे, आणि सकाळी लवकर पोचले तर ऊन नेमके दाराच्या चौकटीवर असते. त्या उजेडात शेषशायीच्या दोन्ही बाजूंस खाली उतरत आलेले विष्णूचे अवतार एकेक करून ओळखता येतात.